मक्याच्या कणसाचा पाइप: पहिला पाइप हाच घ्या

पाइप ओढायला शिकायचंय, पहिला कुठला घेऊ, असं गेल्या वर्षभरात मला तीन-चार जणांनी विचारलं आणि सगळ्यांना मी एकच सांगितलं, मिसूरी मीरशम या कंपनीचा मक्याच्या कणसाचा पाइप घ्या, ब्रायरच्या, म्हणजे एका झुडपाच्या मुळाच्या टणक लाकडाच्या महागड्या पाइपच्या नादाला आत्ता लागू नका. आता दीड वर्ष वापरून झालाय, तर एकदाच नीट लिहून काढतो.

माझी सुरुवात चुकीची झाली होती. ऑनलाइन एका ठिकाणाहून पंचवीस डॉलरचा 'लाकडी' पाइप मागवला, फोटोत एकदम चकाचक, वरून जाड व्हार्निश मारलेलं, तिसऱ्याच वेळेला ओढताना बाऊलवरच्या, म्हणजे तंबाखू भरतो त्या वाटीवरच्या व्हार्निशला फोड आले, हाताला चटका बसायला लागला आणि तोंडात नुसती कडू जार चव. कंपनीला मेल केला, उत्तर नाही. पाइप आपल्याला जमत नाही असंच धरून तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि चार महिने बघितलाही नाही.

मग एका शनिवारी आम्ही सेंट लुईसहून ट्रेनने वॉशिंग्टनला गेलो, राजधानीचं नाही बरं का, मिसूरी राज्यातलं छोटं गाव आहे नदीकाठी, तासाभरापेक्षा थोडं जास्त लागतं. स्टेशन नदीलगत आहे आणि तिथून चालत जाण्यासारखी फ्रंट स्ट्रीटवर विटांची जुनी तीन मजली इमारत दिसते, तीच ही फॅक्टरी. 1869 पासून हे लोक कणसाचे पाइप बनवतायत. हेन्री टिबे नावाचा हॉलंडहून आलेला लाकूड कातणारा कारागीर होता, एका शेतकऱ्याने त्याला कणीस आणून दिलं आणि म्हणाला याचा पाइप कातून दे, तो त्या शेतकऱ्याला इतका आवडला की टिबेने आणखी करून दुकानात ठेवले, आणि पुढे लाकूड बाजूला राहून पाइपच मुख्य धंदा झाला. कणसाला बाहेरून जे खड्डे असतात ते प्लास्टर ऑफ पॅरिसने भरून गुळगुळीत करायची पद्धत त्याचीच, 1878 ला त्याने पेटंट घेतलं. मीरशम म्हणजे तुर्कस्तानातला तो पांढरा हलका सच्छिद्र दगड, त्याचे पाइप भारी महाग असतात, आणि कणीसही तसंच हलकं आणि धूर थंड ठेवणारं म्हणून हे नाव. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जनरल मॅकआर्थरच्या तोंडात फोटोत जो उंच बाऊलचा पाइप दिसतो ना, तोही कणसाचाच.

तिथून मी त्यांची दोन मॉडेल घेतली, एक लेजेंड आणि एक कंट्री जंटलमन. लेजेंड दहा-बारा डॉलरच्या आसपास, दुसरा थोडा महाग. घरी आल्यावर बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवला, ते सांगलीकडचे, आयुष्यभर शेती केलेली, त्यांनी बघितल्या बघितल्या ओळखलं, "अरे हे तर मक्याचं बुरकुंडं!" आमच्याकडे दाणे काढून झाले की बुरकुंडं चुलीत जातं, पण हे आपल्या मक्याचं नाही, एवढं जाड आणि टणक बुरकुंडं आपल्याकडे मी तरी बघितलेलं नाही. मिसूरी विद्यापीठाने खास पाइपसाठी जाड कणसाचं वाण काढून दिलंय, कंपनी ते स्वतःच्या शेतात लावते आणि कणसं साधारण दोन वर्षं वाळवते, मग कातते. हे बाबांना सांगितलं तर पुढचा अर्धा तास ते दोन ओळींमधलं अंतर किती आणि पाणी कसं देतात एवढंच विचारत होते.

मग विषय आजोबांच्या चिलमीवर गेला. आजोबा मातीची चिलीम ओढायचे, आत खडा, खालच्या तोंडाला ओली छापी, म्हणजे फडकं गुंडाळलेलं, दोन्ही हातांची ओंजळ करून एकच जोरात दम मारायचा आणि पुढच्याला द्यायची. हे मुद्दाम सांगतोय कारण पाइप याच्या बरोबर उलटा आहे आणि आपल्याकडच्या माणसाची चूक नेमकी इथेच होते. चिलीम असो, विडी असो, सिगरेट असो, आपल्याला छातीत ओढायची सवय. पाइपचा धूर छातीत घ्यायचाच नाही, तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा, आणि ओढायचा तोही वाफाळत्या चहाचा पहिला घोट घेतो तसा, ओठांनी, अगदी थोडा. मी सिगरेटवाला, त्यामुळे पहिल्या आठवड्यात इंजिनासारखा धूर काढला आणि जिभेचं टोक असं भाजलं की दोन दिवस ठेचा सोडा, वरणभातसुद्धा झोंबत होता. याला पाइपवाले टंग बाईट म्हणतात. नवशिके बहुतेक इथेच पाइप सोडून देतात, आणि दोष पाइपचा नसतो, घाईचा असतो नाहीतर तंबाखूचा.

तंबाखूचं आधी सांगतो. गावातल्या एका दुकानात मला पहिल्यांदा व्हॅनिलाचा ॲरोमॅटिक, म्हणजे वरून वास लावलेला तंबाखू दिला, बरणी उघडली की केकसारखा वास, मी खूष. पण असला तंबाखू फार ओला असतो, ओला राहावा म्हणून त्यात प्रॉपिलिन ग्लायकॉल घातलेलं असतं, मग तो पेटत नाही, पेटत नाही म्हणून आपण जोरात ओढतो, जोरात ओढलं की तोंडात गरम वाफ येते आणि जीभ भाजते. वास शेजारच्याला येतो, आपल्याला चव काहीच लागत नाही. नवीन माणसाने बर्ली जातीच्या पानाचा साधा तंबाखू घ्यावा, प्रिन्स अल्बर्ट किंवा कार्टर हॉल, इथे वर्षानुवर्षं चालत आलेले साधे ब्रँड आहेत. बर्लीत साखर कमी असते त्यामुळे जिभेला कमी लागतो. व्हर्जिनिया ही दुसरी जात गोड आणि मस्त पण त्यात साखर जास्त, हात बसल्यावर घ्या. लाटाकिया म्हणजे धुरावर धरून काळा केलेला तंबाखू, त्याला होळीच्या दुसऱ्या दिवशीच्या राखेसारखा वास येतो, मला आता तोच सगळ्यात आवडतो पण पहिल्या महिन्यात नको. आणि कुठलाही घेतलात तरी ओढायच्या आधी अर्धा-पाऊण तास ताटलीत पसरून ठेवा, चिमटीत दाबून सोडला की गोळा राहता कामा नये, परत सुटा झाला पाहिजे, पण कुरकुरीत पण नको.

आता भरणं. तीन थरात भरायचा. पहिला थर नुसता वरून सोडायचा, बोटाने दाबायचा नाही म्हटलं तरी चालेल, दुसरा जरा दाबायचा, तिसरा त्याहून थोडा जास्त, आणि मग न पेटवता ओढून बघायचं, जाड स्ट्रॉने ताक ओढताना लागतो तेवढाच जोर लागला तर बरोबर. जास्त जोर लागला तर सगळं काढून परत भरा, आळस करू नका, ठासून भरलेला पाइप पुढे काही केल्या सुधारत नाही. काडी पेटवली की गंधक जळून जाईपर्यंत एक सेकंद थांबायचं, मग ज्योत तंबाखूवर गोल फिरवायची आणि बारीक बारीक ओढायचं. तंबाखू फुगून वर येतो, एखादा तुकडा उभाच राहतो. इथे टँपरने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दांडीने हलकेच दाबायचं, टँपरच्या वजनानेच, आणि दुसऱ्यांदा पेटवायचं. खरा पाइप या दुसऱ्या काडीला सुरू होतो. मधेच विझला तर विझू दे, मला अजूनही एका भरणीला चार-पाच काड्या लागतात आणि त्यात कमीपणा काही नाही, विझतोय म्हणजे तुम्ही सावकाश ओढताय. बाऊल गालाला लावून बघायचा, गालाला सोसत नसेल तर खाली ठेवायचा, दोन-तीन मिनिटांनी परत. आत गुडगुड वाजायला लागलं तर पाणी साठलंय, पाइप क्लीनर, म्हणजे मऊ धाग्यांची बारीक तार, स्टेममधून (तोंडात धरतो त्या नळीतून) तसाच आत सारायचा आणि ओला झाला की काढायचा. गरम असताना स्टेम पिळून काढू नका, कुठल्याच पाइपची.

हे सगळं शिकताना कणसाचा पाइप सांभाळून घेतो, म्हणून मी हा सांगतोय. कणीस सच्छिद्र असल्यामुळे ओल शोषून घेतं. ब्रायरला नवीन असताना आत काजळीचा थर बसेपर्यंत जपावं लागतं, याला तसलं काही नाही, पहिल्या दिवसापासून भरा आणि ओढा. तुमच्या चुकीने जास्त तापला तर दीडशे डॉलरची वस्तू गेली असं दुःख नाही. आणि एका पाइपने दुसऱ्या तंबाखूचा वास धरला असं झालं तर सरळ दुसरा घ्या. पहिल्या चार-पाच वेळा मात्र तंबाखूबरोबर भाजल्या कणसाची आणि ओल्या लाकडाची चव येते, ही कणसाच्या पाइपची जातच आहे, बाऊलच्या आत बघा, लाकडी नळीचं टोक थोडं पुढे आलेलं असतं, ते जळून काळं होईपर्यंत ही चव राहते. त्या टोकाच्या खाली खड्डा राहतो तिथला तंबाखू जळत नाही, ओला गोळा उरतो, मी तिथे पाइपचीच राख पाण्यात कालवून, शेणाने सारवल्यासारखी बोटाने बसवली आणि दोन दिवस वाळू दिली, तेव्हापासून तळापर्यंत नीट जळतो. कंट्री जंटलमनला खाली लाकडी बूच असतं, त्यामुळे बुडाची काळजी कमी, बाऊल पण मोठा, पाऊण तास चालतो. लेजेंड लहान, अर्धा तासाचा, शिकायला मला लेजेंडच जास्त उपयोगी पडला कारण चुकलं तरी लवकर संपतं. सोबत 6 मिलिमीटरचा कागदी फिल्टर येतो, काही जण पहिल्याच दिवशी काढून टाकतात, मी पहिले दोन महिने ठेवला होता, ओल त्यात अडकते आणि जिभेला आराम मिळतो. वाऱ्यात ओढू नका, वाऱ्याने निखारा फुलतो आणि कणसाला आतून भोक पडू शकतं.

एक गोष्ट अगदी मनापासून. माझ्या सख्ख्या काकांना तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झाला, त्यांच्या जबड्याच्या ऑपरेशननंतरचे सहा महिने मी घरात होतो. पाइपचा धूर छातीत जात नाही म्हणून तो निर्धोक आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही भिनतं आणि तोंडाला, घशाला धोका आहेच. तुम्ही तंबाखूला हातच लावत नसाल तर हा रिव्ह्यू वाचून सुरू करू नका, खरंच नको. मी रोजच्या सिगरेटी सोडून शनिवार-रविवार एक-एक पाइप एवढ्यावर आलोय, दर सहा महिन्यांनी डेंटिस्टकडे जीभ आणि गाल तपासून घेतो, आणि पोरगी घरात असली की पाइप बाहेर काढत नाही.

सध्या लेजेंड आतून पूर्ण काळा झालाय, बाहेरून पिवळ्याचा तपकिरी, काठाला एका बाजूला काडीने जळाल्याचा डाग, मी डाव्या हाताने पेटवतो ना म्हणून तिथेच. ओढून झालं की राख झाडतो, मऊ कागद आतून फिरवतो, एक क्लीनर स्टेममध्ये घालून तसाच ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला हात लावत नाही, वाळायला वेळ पाहिजे, म्हणून तर दोन घ्या म्हणतोय. पुढच्या महिन्यात बाबा येतायत, त्यांना ओढायचा नाहीये काही, पण ते मक्याचं वाण हातात घेऊन बघायचंय, तेव्हा परत त्याच ट्रेनने वॉशिंग्टनला जाणार आहोत.