विटकरी आकाश निळं करताना: रंगीत इन्फ्रारेडसाठी डार्कटेबल

कॅमेऱ्यातला हॉट मिरर (सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच) काढून तिथे ७२० नॅनोमीटरची, म्हणजे साधारण त्याहून लांब लहरीच आत सोडणारी, काच बसवून घेतली, की पहिल्या दिवसाचे सगळे फोटो विटेच्या रंगाचे येतात. त्यांतून पांढरी झाडं आणि निळं आकाश काढायचं म्हटलं, तर बरीच वर्षं लाइटरूम आणि फोटोशॉप या जोडीचंच नाव घेतलं जायचं. हे परीक्षण डार्कटेबलचं आहे. तो फोटो-संपादनाचा प्रोग्राम फुकट आणि मुक्त-स्रोत आहे, लिनक्स, मॅक आणि विंडोज तिन्हींवर चालतो. निकाल आधीच सांगून टाकायचा तर ७२०, ६६५ आणि ५९० या तिन्ही काचांसाठी एकट्या डार्कटेबलमध्ये काम पुरं होतं आणि चांगलं होतं. फक्त तो स्वतःहून मदतीला येत नाही. दोन ठिकाणी तर आडवाच येतो आणि बहुतेक लोक तिथेच कंटाळून सोडून देतात.

आधी फाइलमध्ये नेमकं काय असतं ते पाहू. सेन्सरवरच्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांचे रंग दृश्य प्रकाशासाठी बनवलेले असतात. ७२० च्या आसपास लाल ठिपका भरपूर प्रकाश आत घेतो, हिरवा आणि निळा जेमतेम. ८०० च्या पुढे मात्र तिन्ही जवळजवळ सारखेच पारदर्शक होतात. पानांकडून येणारा उजेड मुख्यतः ७५० च्या पुढचा, म्हणून तो तिन्ही ठिपक्यांत पोहोचतो. आकाशाकडून येणारा विखुरलेला उजेड लहान लहरींकडे झुकलेला, म्हणून त्यातला मोठा वाटा एकट्या लाल ठिपक्याला मिळतो. व्हाइट बॅलन्स (फोटोत पांढरं कशाला धरायचं ते ठरवणं) पानावर घेतला की पान पांढरं आणि आकाश तपकिरी दिसतं ते यामुळे. लाल-निळ्याची अदलाबदल केली की तेच तपकिरी आकाश निळं होतं. (पानं उजळ दिसण्याचं श्रेय हरितद्रव्याला देणं चूक आहे. या लहरी त्याच्या आरपार जातात आणि पानाच्या आतल्या पेशी व हवेच्या पोकळ्यांवरून परततात. याला वुड इफेक्ट म्हणतात. नाव रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञावरून पडलं आहे, लाकडाशी त्याचा संबंध नाही.)

लाइटरूमची अडचण इथूनच सुरू होते. त्याचा तापमानाचा स्लायडर २००० केल्विनच्या खाली उतरत नाही आणि इन्फ्रारेड फाइलला त्याच्याही बरंच खाली जावं लागतं. उपाय आहे: अडोबीच्या मोफत डीएनजी प्रोफाइल एडिटरमध्ये कलर मॅट्रिसेसच्या टॅबवर तापमान उणे १०० च्या आसपास नेऊन नवं प्रोफाइल बनवायचं आणि ते निवडायचं. एवढं करूनही लाइटरूममध्ये चॅनल मिक्सर (लाल, हिरवा, निळा एकमेकांत मिसळण्याचं साधन) नाहीच, त्यामुळे अदलाबदलीसाठी फोटोशॉप उघडावं लागतं. डार्कटेबलच्या व्हाइट बॅलन्स मॉड्यूलमध्ये केल्विनच्या खालीच तिन्ही चॅनलचे गुणक असतात आणि ते थेट हलवता येतात. ‘फ्रॉम इमेज एरिया’ निवडायचं, उन्हातल्या हिरव्या पानांवर चौकोन ओढायचा, झालं. साध्या उन्हातल्या फोटोत लाल गुणक २ च्या आसपास असतो. इथे तो १ च्याही खाली आलेला दिसतो. घाबरू नका, तसंच असायला हवं. चौकोन मात्र हिरव्या पानावरच हवा. दिवाळीनंतर सह्याद्रीतलं गवत पिवळं पडू लागतं, त्यावर घेतलेला बॅलन्स वेगळा येतो आणि मग झाडांवर रंगाची झाक राहते.

पहिला अडथळा इथेच येतो. चौकोन ओढताच व्हाइट बॅलन्स दोनदा लागला आहे असा लाल इशारा झळकतो. कारण असं, की नव्या पद्धतीत डार्कटेबल व्हाइट बॅलन्स मॉड्यूल ‘कॅमेरा रेफरन्स’वर ठेवतो आणि रंगाचं खरं जुळवणं कलर कॅलिब्रेशन या मॉड्यूलमध्ये करतो. त्या जुळवण्याचं गणित दृश्य प्रकाशाचं आहे. इन्फ्रारेड फाइलवर ते भलतेच रंग काढतं. कलर कॅलिब्रेशनमध्ये ‘अडॅप्टेशन’ची यादी उघडून ‘नन (बायपास)’ निवडा. इशारा जातो आणि त्याच मॉड्यूलमधला चॅनल मिक्सर कामासाठी मोकळा होतो. मॉड्यूलच बंद करू नका, मिक्सर तिथेच आहे.

दुसरा अडथळा गुपचूप बसलेला असतो आणि त्याबद्दल कुठलाही इशारा येत नाही. ‘इनपुट कलर प्रोफाइल’मध्ये मुळात कॅमेऱ्याचा स्टँडर्ड कलर मॅट्रिक्स (सेन्सरच्या आकड्यांचे खरे रंग करणारा तक्ता) निवडलेला असतो. तो मॅट्रिक्स हॉट मिररसकट असलेल्या कॅमेऱ्यासाठी, दृश्य रंगांवर मोजलेला आहे. तुमच्या फाइलमध्ये ते रंगच नाहीत. त्यातल्या ऋण आकड्यांमुळे आकाशात गढूळ डाग पडतात आणि काही ठिकाणी एखादा चॅनल शून्याखाली जातो. तिथे ‘लिनिअर रेक २०२० आरजीबी’ निवडलं की सेन्सरचे आकडे तसेच्या तसे पुढे जातात. रंग फार गडद वाटले तर ‘लिनिअर रेक ७०९’ घ्या, तेच आकडे तिथे सौम्य दिसतात. ५९० च्या फाइलमध्ये हा फरक लगेच डोळ्यांत भरतो. ७२० ला मॅट्रिक्स ठेवल्यानं कधी कधी आकाश जास्त उठून दिसतं, पण त्या बदल्यात ढगांच्या सावलीत ठिपके येतात. आमचा कौल मॅट्रिक्स काढण्याला.

आता मिक्सर. कलर कॅलिब्रेशन डिसेंबर २०२० मध्ये ३.४ या आवृत्तीत आलं आणि त्याच्या प्रीसेटमध्येच ‘स्वॅप आर अँड बी’ आहे. एक क्लिक, आकाश निळं. हातानं करायचं तर आर, जी, बी हे टॅब म्हणजे बाहेर पडणारे लाल, हिरवा, निळा. आर टॅबमध्ये लाल ०, हिरवा ०, निळा १. बी टॅबमध्ये लाल १, हिरवा ०, निळा ०. जी टॅबला हात लावायचा नाही.

खरी गंमत मात्र त्या न लावलेल्या हातात आहे. नुसत्या अदलाबदलीनंतर आकाश बहुधा निळं कमी आणि आकाशी-हिरवट जास्त दिसतं, एखाद्या जुन्या पोस्टकार्डासारखं. समजा, आकाशाच्या एका ठिपक्यात मुळात लाल ०.५, हिरवा ०.४, निळा ०.३ आहे. अदलाबदलीनंतर तो लाल ०.३, हिरवा ०.४, निळा ०.५ होतो. हिरवा अजून मध्ये बसलेला आहे. जी टॅबमध्ये हिरवा ०.५ आणि निळा ०.५ केला की हिरव्याची किंमत ०.३५ वर येते आणि आकाश खऱ्या निळ्याकडे सरकतं. पान मात्र हलत नाही, कारण तिथे तिन्ही आकडे मुळातच सारखे आहेत आणि टॅबमधली बेरीज १ च आहे. बेरीज १ ठेवणं हाच इथला कळीचा नियम. ती मोडली की पांढरी झाडं गुलाबी किंवा हिरवी व्हायला लागतात. प्रत्येक टॅबखालचं ‘नॉर्मलाइझ चॅनल्स’ टिचकवलं तर डार्कटेबल बेरीज स्वतः सांभाळतो. या टॅबमधले इनपुट अदलाबदलीच्या आधीचे असतात, हे विसरल्यामुळे अर्धी माणसं गोंधळतात. गोंधळ नको असेल तर मॉड्यूलची दुसरी प्रत उघडा: पहिलीत फक्त अदलाबदल, दुसरीत बाकीचं मिश्रण.

त्यानंतरचं काम नेहमीचं. इन्फ्रारेड फाइल मिळमिळीत असते, म्हणून सिग्मॉइड या उजेड-सावलीच्या मॉड्यूलमध्ये कॉन्ट्रास्ट १.५ वरून १.८ ते २ पर्यंत न्यावा लागतो. आकाशाच्या छटेचा बारीक फेरफार कलर इक्वलायझरमध्ये उत्तम होतो, पण तो ४.८ पासूनच आहे. जुनी आवृत्ती असेल तर कलर झोन्स वापरा.

बिघडतं कुठे, तेही पाहू. सर्वांत जास्त तक्रारी ढगांच्या पिवळ्या कडांच्या असतात आणि त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. उघडीप (एक्स्पोजर) देताना लाल चॅनल सगळ्यात आधी भरून जातो. कॅमेऱ्याचा एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मात्र सगळं ठीक असल्याचं सांगतो. भरलेल्या लालला पुढे १ पेक्षा लहान गुणक लागला की तो हिरव्या-निळ्याच्या मागे पडतो आणि ढग हिरवट-निळसर होतो. अदलाबदलीनंतर तोच पिवळा दिसतो. डार्कटेबलमधला रॉ ओव्हरएक्स्पोझ्ड इशारा चालू केला की नेमका कुठला चॅनल भरला आहे ते कळतं. हायलाइट रिकन्स्ट्रक्शनमधली ‘इनपेंट अपोज्ड’ पद्धत थोडंफार सावरते. पूर्ण भरलेला ढग मात्र कोणीही परत आणू शकत नाही. फोटो काढताना तिन्ही चॅनलचे वेगळे हिस्टोग्राम लावा आणि लालकडे बघून उघडीप कमी करा.

नॉइजचंही असंच. निळा चॅनल दुबळा असतो आणि अदलाबदलीनंतर तोच लाल होऊन बसतो, म्हणून गडद आकाशात लालसर कण दिसतात. प्रोफाइल्ड डिनॉइज हे मॉड्यूल अदलाबदलीच्या आधी चालतं, त्यामुळे ते योग्य जागी काम करतं. त्यात व्हाइट बॅलन्सशी जुळवून घेणारा पर्याय चालूच ठेवा. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर हेच मॉड्यूल सगळ्यात जास्त रडवतं. शेवटी लावा.

हॉट स्पॉट, म्हणजे फोटोच्या मधोमध येणारा फिकट गोळा, ही डार्कटेबलची खरी कमतरता. त्यासाठी वेगळं साधन नाही. एक्स्पोजर मॉड्यूलमध्ये गोल मास्क काढून, कडा भरपूर मऊ करून, उणे ०.३ ते ०.५ ईव्ही करावं लागतं. गोळ्याचा रंगही वेगळा असतो, म्हणून तोच मास्क रास्टर मास्क म्हणून कलर बॅलन्स आरजीबीमध्ये वापरून तिथली झाक काढायची. दोन-चार फोटोंना ठीक, शंभरांना नाही. इथे रॉथेरपी हा दुसरा मोफत प्रोग्राम सरस आहे. त्यात फ्लॅट-फील्ड आहे: त्याच लेन्सनं, त्याच अॅपर्चरला पांढऱ्या दुधी प्लॅस्टिकच्या पत्र्याचा एक फोटो काढून ठेवला की तो गोळा सगळ्या फोटोंतून निघून जातो. रॉथेरपीचं तापमानही १५०० केल्विनपर्यंत उतरतं आणि चॅनल मिक्सरही आहे. मास्कच्या बाबतीत मात्र डार्कटेबल पुढे आहे, आणि आम्हाला तेच जास्त वेळा लागतं. मुळात एफ/१६ ऐवजी एफ/८ वर फोटो काढला तर गोळा बराच कमी येतो.

जिम्प या मोफत चित्र-संपादकाची गरज किती? कमीच. तो रॉ फाइल स्वतः उघडत नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडेच सोपवतो. कलर्स, कम्पोनंट्स, चॅनल मिक्सर या वाटेनं तीच अदलाबदल होते आणि ३.० पासून ती नंतर बदलताही येते. विजेच्या तारा पुसणं किंवा दोन फोटो जोडणं असेल तर डार्कटेबलमधून १६ बिटचा टिफ पाठवा. जेपेगवर हा सगळा खटाटोप करू नका. ऑटो व्हाइट बॅलन्सनं लाल झालेल्या ८ बिट फाइलमध्ये निळ्या चॅनलला मोजकेच टप्पे उरतात, ताणले की आकाशात पट्टे उमटतात.

कोडॅकच्या एरोक्रोम फिल्मसारखी लाल झाडं हवी असतील, तर या प्रोग्रामवर घालवलेला वेळ वसूल होतो. त्या फिल्मवर इन्फ्रारेड लाल, लाल हिरवं आणि हिरवं निळं दिसायचं. निळा प्रकाश पिवळ्या फिल्टरनं अडवलेला असायचा. फुल-स्पेक्ट्रम (दृश्य प्रकाश आणि इन्फ्रारेड दोन्ही आत घेणाऱ्या) कॅमेऱ्यावर तसाच पिवळा फिल्टर लावला की निळ्या ठिपक्यात जवळजवळ फक्त इन्फ्रारेड उरतो, लाल आणि हिरव्या ठिपक्यांत मात्र तो मिसळलेला असतो. मग वजाबाकी: आर टॅबमध्ये निळा १, बाकी ०. जी टॅबमध्ये लाल १, निळा उणे १. बी टॅबमध्ये हिरवा १, निळा उणे १. इथे जी आणि बीची बेरीज शून्य आहे, म्हणून नॉर्मलाइझ बंदच हवं. उणे १ नं सावल्या काळ्या पडल्या तर उणे ०.८ वर या. स्टँडर्ड मॅट्रिक्स राहिला असेल तर ही वजाबाकी चुकते, कारण चॅनल आधीच मिसळलेले असतात. आणि वजाबाकीत नॉइज वाढतो, त्यामुळे कमी आयएसओ आणि भर दुपारचं ऊन.

एकदा हे सगळं जमलं की स्टाइल म्हणून जतन करा आणि त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या फाइलींना एकदम लावा. स्टाइलमध्ये व्हाइट बॅलन्सचे गुणकही जातात, म्हणून प्रत्येक काचेसाठी वेगळी स्टाइल ठेवा. ५९० ची ७२० ला लावली तर झाडं पांढरी राहत नाहीत.

८५० च्या काचेला यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. तिन्ही चॅनलमध्ये एकच कृष्णधवल चित्र असतं. ग्रे टॅबमध्ये तिन्ही इनपुट सारखे ठेवा, नॉर्मलाइझ चालू करा. सरासरीनं नॉइज कमी होतो.