वॉरंटीचं काम फुकट, पण स्टँडबाय गाडीचं भाडं दिवसाला 1200! सोलापुरातल्या सर्व्हिस सेंटरचा अनुभव

डीलरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण ओळखीतल्या दोघातिघांना वेगवेगळ्या कंपन्यांच्या शोरूममध्ये हेच, म्हणजे आपली गाडी दुरुस्तीला असताना वापरायला देतात त्या स्टँडबाय गाडीचे पैसे पडतील, असं ऐकायला मिळालंय, म्हणजे हा प्रश्न एका दुकानाचा नाही. हायवेला लागून असलेलं मोठं सर्व्हिस सेंटर आहे एवढं पुरे.

आमची गाडी पेट्रोल, एएमटी म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्सवाली. वॉरंटी 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर, जे आधी होईल ते, आणि दोन्ही संपायला अजून भरपूर बाकी. उन्हाळा लागता लागता गिअरबॉक्सनं नाटकं सुरू केली, सिग्नलला थांबलं की परत निघताना गिअरच पडायचा नाही, डिस्प्लेवर नुसता न्यूट्रलचा एन लुकलुकायचा, इंजिन बंद करून परत चालू केलं की पाच-दहा मिनिटं ठीक आणि परत तेच. सात रस्त्याला भर संध्याकाळी मागे रिक्षांची रांग लागलेली आणि गाडी हलेना म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सरळ वर्कशॉपला नेऊन लावली.

आधी चांगलं सांगतो कारण ते खरोखर चांगलं होतं. एएमटीमध्ये काही बिघडलं की बऱ्याच ठिकाणी पहिलं बोट क्लचकडे जातं, आणि क्लच प्लेट पडते झीज होणाऱ्या पार्टमध्ये, म्हणजे वॉरंटीच्या बाहेर, खर्च आपल्या डोक्यावर. इथं तसं केलं नाही. स्कॅनर लावून कोड काढला, मला शेजारी उभं करून स्क्रीन दाखवली, आणि तिथले एक जुने मेकॅनिक आहेत त्यांनी गाडीखालून बाहेर येत स्पष्ट सांगितलं, "क्लच चांगला हाय की ओ मालक, अ‍ॅक्च्युएटरचा पंप प्रेशर धरंना झालाय, तुमच्या चालवण्याचा काय संबंध नाही." ज्यांना एएमटी म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी, आत गिअरबॉक्स साध्या मॅन्युअल गाडीसारखाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम पायाहाताऐवजी हा अ‍ॅक्च्युएटर करतो, त्यानं प्रेशर सोडलं की गाडी न्यूट्रलला जाऊन बसते. पार्ट आणि मजुरी दोन्ही वॉरंटीत, जॉब कार्डवर रक्कम शून्य. इथपर्यंत पैकीच्या पैकी मार्क.

खरा विषय इथून पुढं. पार्ट स्टॉकला नाही, कंपनीच्या गोडाऊनलाही बॅक ऑर्डरला, म्हणजे तिथंही संपलेला, "आठवडा तरी धरून चला सर". आता आमच्या घरी वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, जुळे सोलापुरातून हॉस्पिटल गाठायचं, परत येताना त्यांच्या अंगात काही त्राण नसतं आणि बाहेर ऊन 42 च्या पुढं. शेअर रिक्षात त्यांना कोंबणं शक्य नाही, सिटी बसचं तर सोलापुरात कुणी नावच काढू नये. म्हणून अ‍ॅडव्हायझरला विचारलं की तोवर दुसरी गाडी मिळेल का. मिळेल म्हणाला, आणि टेबलाच्या ड्रॉवरमधून फॉर्म काढला. दिवसाला 1200 रुपये, 5000 डिपॉझिट, पेट्रोल आपलं.

तो फॉर्म मी नीट वाचला आणि तुम्हीही वाचत जा. वर मोठ्या अक्षरात "कर्टसी कार", खाली बारीक अक्षरात "वापर शुल्क". भाडं हा शब्द अख्ख्या कागदावर कुठंच नाही. रोज 80 किलोमीटरच्या वर गेलं की जादा पैसे, जिल्ह्याबाहेर न्यायची नाही, ओरखडा पडला तर डिपॉझिटमधून कापणार. अटी ठीक आहेत, दुसऱ्याची वस्तू आहे. पण शेवटी एक ओळ होती, गाडीचा अपघात झाला आणि विमा कंपनीनं क्लेम नाकारला तर पूर्ण खर्च ग्राहकाचा. तिथं मी थांबलो आणि बाहेर जाऊन गाडीची नंबर प्लेट बघून आलो. पांढरी. म्हणजे खासगी पासिंग.

हे का महत्त्वाचं ते सांगतो. आपल्याकडे स्वतः चालवायला भाड्यानं देतात त्या गाड्यांना काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असतात, टॅक्सीला पिवळ्या प्लेटवर काळी. पांढऱ्या प्लेटची गाडी पैसे घेऊन भाड्यानं द्यायची परवानगीच नाही, आणि खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात त्यात भाड्यानं दिलेला वापर स्पष्ट वगळलेला असतो. म्हणजे हीच गाडी डीलरनं मला फुकट दिली असती तर काही प्रश्न नव्हता, ज्या क्षणी 1200 रुपये घेतले त्या क्षणी क्लेम नाकारायला विमा कंपनीच्या हातात कारण मिळालं, आणि वरून तो धोका त्या शेवटच्या ओळीनं माझ्या गळ्यात घातला. मी हे अ‍ॅडव्हायझरला विचारलं तर तो म्हणाला, "सर हे भाडं नाही, मेंटेनन्स चार्ज आहे." नाव काहीही द्या, दिवसाच्या हिशोबानं पैसे घेतले की ते भाडंच. पावतीही जीएसटीची नाही, नुसती पुस्तकातली फाडलेली चिठ्ठी. ती शेवटची ओळ मी पेनानं खोडायला लावली, शेजारी त्याची सही घेतली, फोटो काढला, मग गाडी नेली. वडिलांची पाळी दुसऱ्या दिवशी होती, तेव्हा ताणून धरायला जागा नव्हती आणि ते सेंटरवाल्यांनाही समजत होतं.

आता डीलरची बाजू, कारण ती मॅनेजरशी बसून ऐकलीय आणि त्यात तथ्य आहे. वॉरंटीच्या कामाचे पैसे डीलरला कंपनीकडून मिळतात, पार्टचे आणि ठरलेल्या मजुरीचे. स्टँडबाय गाडीसाठी त्याला कंपनी काही देत नाही. पार्ट उशिरा येणं त्याच्या हातात नाही. आणि वॉरंटी बुकलेट उघडून त्यानं मला दाखवलं, गाडी वापरता न आल्यामुळं होणारं नुकसान, दुसऱ्या गाडीचं भाडं, राहण्याचा खर्च यातलं काहीच वॉरंटीत येत नाही असं छापलेलंच आहे. खरंय, जवळपास प्रत्येक कंपनीच्या बुकलेटमध्ये ही ओळ असते. शिवाय लोकही कमी नसतात, तो म्हणाला की स्टँडबाय गाडी घेऊन लोक पाहुण्यांना पंढरपूर-तुळजापूर फिरवून आणतात आणि आपली गाडी तयार झाल्याचा फोन आला तर उचलत नाहीत. असल्या लोकांकडून जरूर पैसे घ्या, मी तर म्हणतो गाडी तयार झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दुप्पट घ्या.

पण माझं म्हणणं मी त्यालाही तोंडावर सांगितलं आणि इथंही लिहितो. बिघाड माझ्यामुळं नाही हे तुमच्याच मेकॅनिकनं लिहून दिलंय. पार्ट नाही हाही माझा दोष नाही. गाडी तुमच्या शेडमध्ये उभी असताना माझा बँकेचा हप्ता चालूच आहे, विम्याचे दिवस जातायत, आणि वॉरंटीचेही जातायत, कारण गाडी वर्कशॉपला पडून राहिली ते दिवस वॉरंटीत पुढं वाढवून कुणी देत नाही. एवढं सगळं माझं जात असताना वरून माझ्याकडूनच दिवसाला 1200 कमवायचे, हे बरोबर नाही. एक दिवसाचं काम असेल तर मला स्टँडबाय गाडी नकोच, रिक्षानं जाईन. पैसे देऊन करायची सर्व्हिस असेल, ठोकलेल्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग असेल, तर भाडं लावा, काही म्हणणं नाही. पण वॉरंटीतला दोष आणि काम दोन दिवसांच्या वर चाललं, तर गाडी फुकट द्यायला हवी, पेट्रोल, टोल, चलान आणि ओरखडा ग्राहकाचा. हा खर्च डीलरला झेपत नसेल तर त्यानं कंपनीकडं मागावा, कारण दोषाचा पार्ट कंपनीचा आणि उशीरही कंपनीचा. आज काय होतं, कंपनी बुकलेटकडं बोट दाखवते, डीलर कंपनीकडं, आणि मधल्या मधे आपण.

विम्यात डेली अलाउन्सचं अ‍ॅड-ऑन असतं ना, असं कुणी विचारेल म्हणून सांगतो, ते साधारण अपघाताच्या क्लेममध्ये गाडी गॅरेजला पडली तरच मिळतं, असं मेकॅनिकल बिघाडाला नाही. रोडसाइड असिस्टन्सचाही इथं उपयोग झाला नाही, कारण गाडी मी स्वतः चालवत नेली होती.

सगळ्यात जास्त मला खटकलं ते वेगळंच. गाडी विकताना याच शोरूममध्ये सेल्सवाला काय काय सांगत होता, तीन वर्षं टेन्शन नाही, आम्ही बसलोय ना, पेढे, हार, चावी देताना फोटो. स्टँडबाय गाडीला पैसे पडतात हे तेव्हा एका शब्दानं सांगितलं असतं तर मी तेव्हाच ठरवलं असतं काय करायचं ते. गरज लागल्यावर, तेही घरात आजारी माणूस असताना, ड्रॉवरमधून फॉर्म काढायचा ही पद्धत वाईट आहे.

पुढं काय झालं. पार्ट सांगितल्यापेक्षा उशिरा आला, गाडी मिळाली, काम एक नंबर, सात रस्त्याला आता गाडी सिग्नल सुटला की लगेच उचलते. भाडं मी भरलं आणि त्याच रात्री कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केला, सोबत जॉब कार्ड, चिठ्ठी, खोडलेल्या ओळीचा फोटो आणि पांढऱ्या प्लेटचा फोटो. विमा आणि पासिंगचा मुद्दा लिहिल्यावर मात्र फोन पटकन आला. आधी फ्री वॉशिंगचं कूपन देऊ म्हणाले, मी नको म्हटलं, पैसे खात्यात द्या. अर्धे आले. उरलेल्यासाठी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, तिथं मराठीत बोलता येतं. त्यातूनही नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, त्याच्या वर थोडी असते, आणि वकील लावायलाच पाहिजे असंही नाही.

मेकॅनिक आणि दुरुस्तीला पाचपैकी पाच, अ‍ॅडव्हायझर पोरगा नम्र होता त्याला चार, स्टँडबाय गाडीच्या धोरणाला एकसुद्धा देणार नाही. दुरुस्तीसाठी परत तिथंच जाईन. नवीन गाडी घेणाऱ्यांनी बुकिंगच्या आधी हे धोरण लेखी मागा आणि देतील त्या गाडीची प्लेट बघा. उरलेल्या पैशांचं काही झालं की इथंच खाली लिहितो.