‘रेअर’ पिग्मी कॅमेलिअनची जोडी म्हणून घेतली, निघाल्या दोन्ही माद्या (५ पैकी २ स्टार)

न्यू जर्सीत राहतो, मागच्या ऑक्टोबरात एका रेप्टाइल एक्स्पोला गेलो आणि तिथल्या एका स्टॉलवरून २४० डॉलरला पिग्मी कॅमेलिअनची, म्हणजे बुटक्या घोयरा सरड्यांची, ही जोडी घेतली. स्टॉलचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको.

डब्यावर मोठ्ठ्या अक्षरात ‘रेअर’, खाली रॅम्फोलिऑन ब्रेव्हिकॉडाटस. आता हे नाव जुनं आहे, २००४ मध्येच ही जात रिपेलिऑन या वेगळ्या गटात गेली, पण विकणारे अजून जुनंच लिहितात, त्याचं काही नाही. ओळखायला सोपी, हनुवटीखाली खवल्यांचा बारीकसा झुपका असतो, बोकडदाढीच म्हणा ना, आणि शेपूट आखूड. अख्खा प्राणी बोटाएवढा, वाळक्या पानासारखा, पाचोळ्यात बसला की आपल्याच टाकीत दहा मिनिटं शोधावा लागतो. टांझानियातल्या उसांबरा डोंगरातला, नाकावर गुलाबासारखं फूल असलेला याचा भाऊबंद रॅम्फोलिऑन स्पिनोसस खरा दुर्मीळ, ही टांझानियाच्या जंगलात बऱ्यापैकी आढळते. बाजारात कमी झाली कारण टांझानियाने २०१६ मध्ये जिवंत प्राण्यांची निर्यात बंद केली. म्हणजे ‘रेअर’ दुकानात, जंगलात नाही, पण पैसे मात्र दुर्मीळचे घेतले!

आणि नर-मादी? नराची शेपूट लांब आणि बुडाशी फुगीर असते. माझ्या दोघींच्या शेपट्या सारख्याच तोकड्या. घरी आल्यावर कळलं, चूक माझीही आहे, तिथेच उलटून बघायला हवं होतं. फोन केला तर म्हणे लहान आहेत, कळेल हळूहळू. अंड्यातून कधी बाहेर आल्या विचारलं तर उत्तरच नाही.

वरून ७५ वॅटचा तापवायचा दिवा गळ्यात मारला. अरे, ही जंगलाच्या सावलीत राहणारी जात, ७२ फॅरनहाइटला मजेत असते, ८० च्या वर गेलं की धोका. दिवा परत केला, तो मात्र कटकट न करता घेतला, एक स्टार त्याचाच. बाकी काचेची टाकी, खाली पाचोळा, बारीक काटक्या, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा (थेंब चाटून पितात, वाटी ठेवून उपयोग नाही), खायला न उडणाऱ्या फळमाश्या आणि पिनहेड क्रिकेट्स (अगदी बारीक रातकिडे), कॅल्शियमची पावडर लावून. हातात घेतलं तर सायलेंटवरच्या मोबाइलसारखी थरथरते, आमच्या आईने पहिल्यांदा घेतली तेव्हा किंचाळलीच!

पुण्याहून भाऊ विचारतो मलाही पाठव. नाही रे बाबा, २०१७ पासून ही साइट्सच्या (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) यादीत आहे, परमिटशिवाय देशाबाहेर हलत नाही, आणि आपला भारतातला घोयरा तर वन्यजीव कायद्याखाली आहे, त्याला हात लावायचा नाही.

दुसरा स्टार या दोघींना, त्या ठणठणीत आहेत. परवा मोठीने पाचोळ्याखाली तीन अंडी घातली, माझ्याकडे आल्यापासून नर काही तिने बघितलेला नाही. ओलसर मातीच्या डबीत ठेवलीयत, भरलेली आहेत की पोकळ ते दिसेलच.