ग्लायडरला विंगलेट लावावं की पंखाचं टोक लांबवावं?

दीडएक मीटरचा फोमचा ग्लायडर बांधताय आणि टोकापाशी येऊन अडलाय, असं धरून चालतो. विंगलेट, म्हणजे पंखाच्या टोकाला वर उभी केलेली छोटी पट्टी, आणि लांबवलेलं टोक, मी दोन्ही प्रकार उडवलेत, बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या उतारावर आणि खाली येळ्ळूरच्या शिवारात.

दोन्हींचा हेतू एकच, टोकाशी होणाऱ्या भोवऱ्यामुळे येणारा इंड्यूस्ड ड्रॅग, म्हणजे हवेची मागे ओढ, कमी करणं. वेग कमी तितका हा ड्रॅग जास्त, त्यामुळे आपल्याला तो चांगलाच नडतो.

विंगलेट देखणं दिसतं, नाकारत नाही. नासाच्या रिचर्ड व्हिटकॉम्बने सत्तरच्या दशकात त्याचा फायदा सिद्ध केला. एअरबस तर शार्कलेटने, म्हणजे तिच्या प्रवासी विमानांवरच्या विंगलेटने, लांबच्या पल्ल्यात ४ टक्क्यांपर्यंत इंधन वाचतं म्हणते. पण तिथली अडचण वेगळी. ए३२० च्या वर्गातल्या विमानाचा विस्तार, म्हणजे पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, ३६ मीटरच्या आत राहिला नाही तर विमानतळावर त्या वर्गाच्या गेटवर जागा मिळत नाही. शार्कलेटसकट तो ३५.८ मीटर भरतो. आडवं वाढता येईना, म्हणून वर गेले. ७८७ ला ऐसपैस जागा होती, तर बोईंगने टोक मागे झुकवून लांबवलं. ७७७एक्सला तीही अपुरी पडली, तेव्हा जमिनीवर टोक दुमडायची सोय केली. येळ्ळूरच्या शिवारात कसलं आलंय गेट!

माझा निकाल लागला तो मात्र उतरताना. भात कापल्यावर शिवारात धसकटं राहतात. एक पंख त्यात अडकला की ग्लायडर गर्रकन फिरून उलटा पडतो आणि विंगलेट बुडातून निखळतं. चिकटवायला वेळ लागत नाही, पण दोन्हीकडचा कोन पुन्हा तसाच जुळणं कठीण. जरा फरक पडला की ग्लायडर एका अंगाला ओढतो. मग रडरला ट्रिम द्या, म्हणजे तो कायम जरा वळवून ठेवा, म्हणजे वाचवलेला ड्रॅग तिकडून परत घ्या. याचाच मला वैताग आला.

लांबवलेल्या टोकातही दोष आहेत. पंखाच्या मुळाशी ताण वाढतो, तेव्हा पंखाच्या आत कार्बनचा स्पार, म्हणजे आधाराचा दांडा, हवाच. टोक फार निमुळतं केलं तर वळताना तेच आधी स्टॉल होतं, म्हणजे त्याची उचल जाते. थोडा वॉशआउट द्या, म्हणजे टोकाकडे पंखाचा कोन जरा कमी ठेवा. ग्लायडर वळायलाही जरा आळशी होतो. बाइकवरून नेणार असाल तर टोक काढता येईल असं करा. पण संध्याकाळी वारा पडत आला की लांब टोकाचा ग्लायडरच जास्त वेळ तरंगतो. घड्याळ लावलेलं नाही, नजरेचा अंदाज सांगतोय.

फ्लाइंग विंग, म्हणजे बिनशेपटीचा नुसता पंख, असेल तर हा प्रश्नच नाही, तिथे विंगलेटच शेपटीचं काम करतं. हाताने फेकायच्या ग्लायडरांच्या एफ३के स्पर्धेत विस्ताराला १.५ मीटरची मर्यादा आहे, तिथेही लांबवायला वाव नाही.