चोवीस तासांची बाई

जुलैमधल्या एका रविवारी बाबांचं अंग पुसताना मला माकडहाडाच्या जरा वर रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबून पाहिला, तरी लाली हटेना. हॉस्पिटलमधून निघताना सिस्टरने नेमकं हेच बजावलं होतं: दाबल्यावर लाली गेली नाही तर समजायचं, शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली. त्या दिवसापर्यंत आमच्या घरी चोवीस तासांची बाई ठेवून दीड महिना झाला होता.

आमच्यासारखी अनेक घरं पुण्यात आहेत. मुलगा परदेशात, मुलगी नोकरी करणारी, आई स्वतःच सत्तरीच्या पुढची. त्या घरांपर्यंत हे पोचावं म्हणून सगळं लिहितेय.

गेल्या वर्षी मे महिन्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. वय 81. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. अकरा दिवसांनी डिस्चार्ज मिळाला. दर दोन तासांनी कूस बदलायची, भरवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाठ उंच ठेवायची, डायपर ओला राहू द्यायचा नाही, अशी सगळी यादी हातात दिली गेली. हॉस्पिटलच्या बाहेर एकाने घरी रुग्णसेवेला बाई पुरवणाऱ्या ब्युरोचं कार्ड दिलं आणि मी त्याच दुपारी फोन केला. चार ठिकाणी चौकशी करण्याएवढं बळच नव्हतं. असे ब्युरो आपल्याला नेमके याच दिवशी गाठतात.

ऑफिस चांगलं होतं, बोलणं त्याहून चांगलं. दिवसाला 1,100 रुपये, ट्रेंड बाई, ‘चोवीस तास पेशंटजवळ’. रजिस्ट्रेशन 5,000, एका महिन्याचं डिपॉझिट 33,000 आणि पहिल्या महिन्याचे 33,000 आगाऊ. असे 71,000 रुपये मी पहिल्याच दिवशी भरले. मेडिक्लेममधून यातला एक रुपयाही मिळत नव्हता. बाईंचं जनरल ड्यूटी असिस्टंटचं, म्हणजे रुग्णसेवा शिकलेल्या मदतनिसाचं, सर्टिफिकेट दाखवलं, लॅमिनेट केलेलं. मी ते हातात धरून वाचलं नाही. वाचलं असतं तर त्यावरचं नाव वेगळं आहे हे तेव्हाच कळलं असतं.

मावशी आल्या त्या नांदेडकडच्या. चाळिशीच्या, अबोल, कामाला वाघ. भांडं कधी पडून राहायचं नाही. बाबांच्या उशाशी एक वही ठेवायला ब्युरोने सांगितलं होतं, त्यात त्या वेळ टाकून सगळं लिहायच्या. 10 वाजता कूस बदलली. 12 वाजता कूस बदलली. 2, 4, 6. मी सकाळी बँकेत जाण्याआधी ते पान बघायची आणि निर्धास्त व्हायची.

डाग दिसला त्या रात्री नऊच्या सुमारास मी वही उघडली. सोमवारी पहाटे 6 पर्यंतच्या नोंदी आधीच लिहून झाल्या होत्या. एकाच पेनाने, एका बैठकीत, ओळीला ओळ लावून.

मी आवाज चढवला. मावशी आधी गप्प राहिल्या, मग रडू लागल्या. म्हणाल्या, “ताई, दिवसभर मीच, रातभर मीच. पयल्या चार राती जागले. मग उभ्या उभ्या डुलक्या यायल्या. सायेबांना सांगितलं, दुसरी बाई द्या. ते म्हणले, वही भरून ठेवत जा.”

आई मागे दारात उभी होती. तिला माहीत होतं की रात्री कोणी उठत नाही. “तू आधीच किती दमलेली असतेस, म्हणून बोलले नाही गं,” एवढंच म्हणाली. आणि बाबांना तर बोलताच येत नव्हतं. ज्याच्या पाठीचा प्रश्न होता, त्यालाच तक्रार करता येत नव्हती.

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. आम्ही दिवसाला 1,100 भरत होतो, त्यातले मावशींना कबूल केलेले होते 500. तेही दुसऱ्या महिन्याचे हातात पडलेले नव्हते. त्यांचं मूळ आधार कार्ड ब्युरोने ‘जमा’ करून घेतलं होतं, म्हणून काम सोडून जाताही येत नव्हतं. ट्रेनिंग म्हणजे एका दुपारी दुसऱ्या बाईबरोबर बसून डायपर कसा बांधायचा ते पाहिलं होतं, इतकंच. पडल्या पडल्या चमच्याने पाणी पाजलं तर गिळायला त्रास असलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे त्यांना कोणीच सांगितलेलं नव्हतं. बाबांना येणारा ठसका मी दीड महिना सर्दीचा समजत होते.

खरा धक्का तीन दिवसांनी बसला. धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात असतो. आपले सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात त्याचे रात्रीचे साडेआठ, तेव्हा आम्ही व्हिडिओ कॉल करतो. डागाचं सांगितलं तर तो म्हणाला, “पण ताई, रात्रीची नर्स काय करते मग?”

कुठली रात्रीची नर्स?

ब्युरोच्या माणसाने पहिल्या आठवड्यातच माझ्याकडून भावाचा नंबर घेतला होता, ‘इमर्जन्सीसाठी’. त्याला वेगळा मेसेज गेला होता: ताईंवर फार ताण आहे, त्यांना पैशांचं सांगू नका, रात्रीसाठी क्वालिफाइड नर्स लावतोय, महिना 24,000. जून आणि जुलै मिळून त्याने 48,000 पाठवले होते. बिचाऱ्याला वाटलं, लांब राहून एवढं तरी आपल्याला करता येतंय. त्याची ती अपराधी भावनाच त्या माणसाने वापरून घेतली. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे आणि तो अजून गेलेला नाही.

ब्युरोने आधी गोड बोलून पाहिलं, मग नियम दाखवला. पावतीच्या मागे बारीक अक्षरात होतं: बाई बंद करायची तर तीस दिवसांची नोटीस, नाहीतर डिपॉझिट परत नाही. रात्रीच्या नर्सचं नाव आणि नोंदणी क्रमांक द्या म्हटल्यावर फोन उचलणं बंद झालं. नर्सची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते, तेव्हा ‘नर्स’ म्हणून दर लावणाऱ्याकडे हा क्रमांक असायलाच हवा. हा एक प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर बरंच वाचलं असतं.

1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली. मग रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. सोबत भावाच्या व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट, बँकेच्या नोंदी आणि त्या वहीच्या पानाचा फोटो जोडला. नोटीस पोचल्यावर बावीस दिवसांनी डिपॉझिटचे 33,000 जमा झाले. भावाचे 48,000 आले नाहीत. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो आहोत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. कागद जपून ठेवा, हे मी आता भेटेल त्याला सांगते. मावशींचं आधार कार्ड परत मिळालं ते मी पोलीस चौकीत जाते म्हटल्यावर, संध्याकाळच्या आत. त्यांच्या पगाराचं आम्हीच पाहिलं, कारण आमच्या घरी त्या दीड महिना राबल्या होत्या.

इतकं होऊनही घरी माणूस ठेवणं चूक होतं असं मला वाटत नाही. सकाळी गॅलरीत खुर्ची लावली की बाबा खालच्या रस्त्याकडे बघत बसतात, दूधवाल्याच्या हॉर्नवर मान वळवतात. आई त्यांच्या शेजारी भाजी निवडते. हे सुख कुठल्याही वॉर्डात मिळालं नसतं. समोरच्या इमारतीतल्या आजींकडे एकच बाई पाच वर्षं चोवीस तास राहते आणि उत्तम चाललंय. पण त्या आजी काठी घेऊन चालतात आणि रात्रभर शांत झोपतात. त्यांना सोबत हवी आहे. बाबांना रात्री बारा, दोन, चार आणि सहा वाजता उठून वळवणारं माणूस हवं होतं. एका बाईला चोवीस तास विकणाऱ्याला हा फरक पक्का माहीत असतो. मला तो माहीत नव्हता आणि कोणी विचारलंही नाही की रात्री जागं कोण राहणार.

आता आमच्याकडे दोन मावशी आहेत, बारा-बारा तासांच्या, प्रत्येकी 700 रुपये रोज. महिन्याला 42,000 होतात, म्हणजे आधीपेक्षा 9,000 जास्त. भाड्याची एअर मॅट्रेस आणि फिजिओ वेगळे. हे झेपण्यासाठी भाऊ अर्धा भार उचलतो आणि मी एक आरडी मोडली. दोघींचेही पैसे त्यांच्याच खात्यात जातात, नव्या ब्युरोला एकदाच ठरलेलं कमिशन दिलं. दोघींची पोलीस पडताळणी करून घेतली. आठवड्याची सुट्टी ठरलेली आहे, त्या दिवशी रात्री मी जागते. सुरुवातीचे तीन दिवस मी रजा काढून घरी थांबले आणि एक प्रशिक्षित नर्स बोलावून दोघींना कूस कशी वळवायची, पाठ किती उंच ठेवायची ते आमच्या समोर शिकवलं. मावशी वाईट नसतात, शिकवल्याशिवाय त्यांच्या हातात एवढा जीव द्यायचा नसतो.

डागाची जखम झाली नाही. तीन आठवडे लागले, पण कातडी परत नेहमीच्या रंगावर आली. बाबांना आतापर्यंत एकच शब्द नीट परत आलाय, ‘नको’.

वही अजूनही उशाशी असते. रात्रीच्या मावशींचं अक्षर वाकडं आहे आणि पेनही सारखं बदलतं. काल सकाळी वाचलं:

12.10 उजवी कूस.
2.25 डावी कूस. डायपर बदलला. उशीर झाला, बाथरूममदे होते.
4.05 उजवी कूस. नको म्हणाले. तरी वळवलं.