बीटल्सचं बीबीसी: १९९४ चा संच की २०१३ चा?

बीटल्सने बीबीसी रेडिओसाठी वाजवलेल्या गाण्यांचे हे दोन संच. एकच घ्यायचा तर १९९४ चा 'लाइव्ह ॲट द बीबीसी'. दोन सीडी, ६९ ट्रॅक, आणि मुख्य म्हणजे बँडने त्या काळी रेकॉर्डवर कधीच न आणलेली ३० गाणी. 'आय'ल बी ऑन माय वे' हे बँडमधल्याच लेनन-मॅकार्टनी जोडीने लिहिलेलं गाणं बीटल्सच्या आवाजात इथेच. खरखर मात्र सोसावी लागते. बीबीसीने बऱ्याच टेप पुसून टाकल्या होत्या, त्यामुळे काही गाणी श्रोत्यांनी घरी रेडिओवरून टिपलेली आहेत.

२०१३ च्या 'ऑन एअर'मध्ये ६३ ट्रॅक. त्यात २३ नुसत्या गप्पा. चौघांच्या स्वतंत्र मुलाखती ऐकण्याजोग्या, पण बँडकडून आधी कधीच न आलेली गाणी दोनच. दोन्ही संच मोनो, म्हणजे स्टिरिओ नाहीत. आणि 'लाइव्ह' नावापुरतंच: बहुतेक सत्रं आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेली.