छतावरचं ५जी वायरलेस नेट: साताऱ्यात सात महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो: पाचपैकी साडेतीन. दारापर्यंत फायबर आली असेल तर फायबरच घ्या. ती गल्लीच्या तोंडाशी अडली असेल, किंवा खोदकामात दर महिन्याला तुटत असेल, तर गच्चीवरचं हे ५जी युनिट (मोबाइल टॉवरचा सिग्नल पकडून केबलने घरातल्या राउटरला नेट देणारा डबा) चालण्यासारखं आहे. मात्र बसवलं आणि विसरलं, असं त्याचं नाही. मार्च ते ऑक्टोबर, म्हणजे वळीव, अख्खा पावसाळा आणि नंतरचं ऊन एवढ्या वापरावर हे लिहिलंय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. युनिट कुठलंही असलं तरी दुखणी हीच निघतात.

‘नेट गेलं’ म्हणताना आपण तीन निराळी दुखणी एकाच नावाने सांगतो. टॉवर ते गच्ची, गच्ची ते राउटर आणि राउटर ते मोबाइल असे तीन टप्पे आहेत. तक्रार केंद्राकडे तिन्हींवर औषध एकच: राउटर बंद करून चालू करा. तेवढ्याने तासभर बरं वाटतं आणि खरं कारण झाकलं जातं. सात महिन्यांच्या नोंदीत टॉवरचा दोष सर्वांत कमी वेळा निघाला. सर्वांत जास्त वेळा मधला टप्पा, तोही केबलच्या टोकाशी.

टप्पा ओळखायला लॅपटॉप आणि पाच मिनिटं पुरतात. कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडा आणि तिन्हींत सतत पिंग लावा, म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते दिसत राहतं. पहिली राउटरला (बहुधा १९२.१६८.१.१), दुसरी गच्चीवरच्या युनिटला (राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानावर ‘गेटवे’ म्हणून बहुधा हाच पत्ता दिसतो), तिसरी ८.८.८.८ला (हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर). राउटरचं उत्तर वायफायवर १ ते ५ मिलिसेकंदांत यायला हवं. तिथेच ३००-४०० दिसलं किंवा ‘टाइम्ड आउट’ आलं, तर दोष घरातल्या वायफायचा आहे, टॉवरला शिव्या देऊ नका. राउटर ठीक आणि युनिट गप्प, तर केबल किंवा वीज. दोन्ही ठीक आणि फक्त तिसरी खिडकी अडखळते, तर मग कंपनीला फोन. हीच चाचणी एकदा लॅन वायर लावून करा, म्हणजे वायफायचा संशय पुरता मिटतो.

आता केबल. बसवायला आलेला माणूस बऱ्याचदा स्वस्तातली केबल टाकून जातो. तिच्यात तांबं नसतं, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ब्लेडने तार खरवडून पाहा, आतून पांढरट चकाकली तर ओळखा. या केबलमधून डेटाबरोबर युनिटची वीजही वर जाते. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, त्यामुळे वर पोहोचेपर्यंत व्होल्टेज पडतो आणि ऐन वापराच्या वेळी युनिट आपोआप रीस्टार्ट होतं. शुद्ध तांब्याची, बाहेर वापरायची, काळ्या आवरणाची कॅट-६ घ्या.

पण चांगली केबलही टोकाशी मार खाते. ऑगस्टमध्ये वेग ९३-९४ एमबीपीएसवर येऊन थांबला, सुरीने कापल्यासारखा. हा आकडा दिसला की फार शोधाशोध करू नका. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. एक जोडी खराब झाली की लिंक गपचूप १००वर उतरते, आणि पॅकेटांचा वरखर्च वजा जाऊन हातात ९४च्या आसपास उरतात. दिवे सगळे हिरवेच असतात. गच्चीवरचा प्लग उपसला तर निळ्या जोडीच्या पिनांवर हिरवा कळंक चढलेला होता, कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आंबट ठेवल्यावर चढतो तसाच. आमच्या इंजेक्टरमध्ये (केबलमधून युनिटला वीज पाठवणारा घरातला छोटा डबा) विजेची धन बाजू याच जोडीवर आहे. ओल आणि डीसी वीज एकत्र आली की धन बाजूची तार आधी खाल्ली जाते. जोडीतली एक तार कुरतडली तरी दुसरीवरून वीज जात राहते, म्हणून युनिट चालू दिसतं आणि कुणाला शंका येत नाही.

उपाय असा. आधी वीज बंद करा. खराब टोकापासून वीतभर केबल कापून टाका, कारण ओल आवरणाच्या आतून पुढे सरकलेली असते. नवा प्लग लावताना क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. युनिटच्या झाकणातली रबरी ग्लँड, म्हणजे पाणी अडवणारं बूच, केबलभोवती घट्ट बसली आहे का ते बघा. बसवणारा घाईत ती खिशात ठेवून जातो, हे एकापेक्षा जास्त घरांत पाहिलंय. वरून स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा. सिलिकॉन वापरायचंच असेल तर न्यूट्रल प्रकारचं. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते तांब्याला खातं. आणि युनिटच्या खाली केबलला वीतभर झोळ ठेवा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाईल, प्लगात उतरणार नाही. आपल्याकडे झड पश्चिमेकडून येते, तेव्हा केबल घरात घ्यायचं भोक पूर्वेच्या भिंतीला आणि बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा.

पावसात नेट जातं, ही तक्रार म्हणूनच निम्मी खरी. साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींना पावसाच्या सरी फारशा अडवत नाहीत. अडवतात ती भिजलेली पानं. मार्चमध्ये आंब्याच्या फांदीआडून छान चालणारं युनिट जुलैत रडायला लागतं ते त्यामुळे. डोंगर तर सरळ भिंतच. अजिंक्यताऱ्याच्या आडोशाला असलेल्या वस्तीत सिग्नल थेट न येता आपटून येतो. (किल्ल्यावरचा उंच मनोरा बघून तिकडे तोंड करू नका, तो दूरदर्शनचा.)

दिशा ठरवताना मोबाइलच्या दांड्या मोजू नका, युनिटच्या पानावरचे दोन आकडे बघा. आरएसआरपी म्हणजे सिग्नल किती पोहोचतो: उणे ८०च्या आसपास उत्तम, उणे १००च्या खाली गेला की कुरकुर. एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती वरचढ: २०च्या वर झकास, ५च्या खाली त्रास. युनिट दहा-पंधरा अंश फिरवायचं, दोन मिनिटं थांबायचं, दोन्ही आकडे आणि पीसीआय नंबर वहीत लिहायचा. आमच्याकडे उणे ८४ आणि एसआयएनआर ७ देणाऱ्या दिशेपेक्षा उणे ९३ आणि १९ देणारी दिशा कितीतरी सरस ठरली. पीसीआय ही सेलची ओळख. तो दिवसातून चार-पाच वेळा बदलत असेल तर युनिट दोन सेलमध्ये हेलकावे खातंय. थोडं आणखी वळवून एकीकडे स्थिर करा. आणि युनिटसमोर पाण्याची टाकी येऊ देऊ नका.

घरातल्या वायफायचं थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ‘ऑटो’वर सोडलं तर कधीकधी शेजाऱ्यांच्या गर्दीत जाऊन बसतं. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१. मधल्या ५२ ते १४४मध्ये रडारचा सुगावा लागला की राउटरला चॅनेल सोडावं लागतं, आणि तसलाच दुसरा धरला तर आधी किमान मिनिटभर गप्प बसावं लागतं. शनिवार पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यांत दोन-दोन फुटी भिंती असतात. तिथे महागडा राउटर घेऊनही मागच्या खोलीत काही येत नाही. लॅन वायर ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारं जादा यंत्र) लावणं हाच मार्ग. बिनवायरी रिपीटर बहुधा वेग अर्ध्यावर आणतो.

विजेची एक गोची आहे. लोक राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतात आणि लाइट गेली की नेट जातंच, कारण गच्चीच्या युनिटचा इंजेक्टर वेगळ्या सॉकेटवर असतो. दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, आणि इन्व्हर्टरचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदल होताना क्षणभर वीज तुटते आणि युनिट पुन्हा टॉवर धरेपर्यंत तीन-चार मिनिटं जातात. वळवाचा गडगडाट सुरू व्हायच्या आधीच मात्र इंजेक्टरचा प्लगही काढा आणि केबलही.

दीड तारा कापला तो अपलोडसाठी आणि पत्त्यासाठी. अपलोड डाउनलोडच्या मानाने फारच कमी मिळतो. कुणाच्या मोबाइलने फोटोंचा बॅकअप सुरू केला की व्हिडिओ कॉलमधला आवाज तुटतो. राउटरच्या क्यूओएसमध्ये (वेगाची वाटणी ठरवणारी सेटिंग) अपलोडची मर्यादा संध्याकाळी मोजलेल्या वेगाच्या ८५ टक्क्यांवर ठेवल्यावर हे बरंच आटोक्यात आलं. युनिटच्या पानावरचा वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तो अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. शेतावरून घरचा सीसीटीव्ही पोर्ट उघडून बघायचा बेत असेल तर तो जमणार नाही, कॅमेऱ्याचं क्लाउड ॲपच वापरावं लागेल.

तक्रार नोंदवताना ‘स्लो आहे’ म्हणू नका. तारीख, वेळ, आरएसआरपी, एसआयएनआर, पीसीआय आणि लॅन वायरवर घेतलेली तिसऱ्या खिडकीची पिंग, एवढं एका फोटोत पाठवा. आमच्याकडे तीन तोंडी तक्रारींवर राउटर बदलून मिळाला. चौथी या आकड्यांसह गेली, तेव्हा माणूस थेट शिडी घेऊन आला.